वंचक उडाला की कळतो

हिवाळ्याच्या सकाळी नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठावर, चिखल उघडा पडलेला असतो तिथे, मातकट रंगाचा एक पक्षी मान खांद्यात ओढून बसलेला असतो. चार पावलांवर जाईस्तोवर दिसत नाही. मग उडतो आणि एकदम पांढराशुभ्र! पलीकडे उतरून पंख मिटले की पुन्हा चिखलात चिखल. हा वंचक, म्हणजे ढोकरी. वंचक म्हणजे फसवणारा. ज्याने हे नाव ठेवलं त्याने पक्षी मनापासून पाहिला असणार.

नवशिके रंगावरून पक्षी ओळखायला जातात आणि तिथेच फसतात. हाच वंचक विणीच्या काळात, पावसाळ्यात, पाठीवर गडद तांबूस पिसं मिरवतो. बदलत नाही ते त्याचं कुबड काढून बसणं आणि भाल्यासारखी चोच.

बगळे तर सगळेच पांढरे. तिथे पायांकडे बघा. छोट्या बगळ्याची चोच काळी, पाय काळे, पण बोटं पिवळीजर्द, जणू मोजे घातलेत. उथळ पाण्यात उभा राहून तो एक पाय थरथरवतो, गाळ ढवळतो. दडलेली मासोळी हलली की चोच बसलीच. पिवळ्या चोचीचा गायबगळा मात्र गुरांच्या मागे चालतो आणि खुरांमुळे गवतातून उडालेले किडे टिपतो. दोघांची युक्ती एकच, भक्ष्याला हलायला लावायचं. एक त्यासाठी स्वतःचा पाय वापरतो, दुसरा गाईचा. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की दोघांत गल्लत होत नाही.

दुर्बीण घ्यायचीच तर 8×42 घ्या: आठपट मोठं दिसतं, आणि पुढचं भिंग 42 मिलिमीटरचं असल्याने पहाटेच्या अंधुक उजेडातही भागतं. जास्त पटीच्या दुर्बिणीत हाताचा कंपही तितकाच मोठा होतो.

पावशाला मात्र कानांनीच ओळखावं. मृगाच्या सुमाराला नागपूरच्याच सेमिनरी हिल्सच्या झाडीतून ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ चढत्या सुरात ऐकू येतं. दिसला तर हुबेहूब शिक्रा, म्हणजे तो छोटा शिकारी पक्षी: राखाडी पाठ, पोटावर पट्टे, उडणंही तसंच. चोच तेवढी आकडेदार नसते. या सोंगाला कारण आहे. पावशा आपली अंडी सातभाई या थव्याने राहणाऱ्या पक्ष्यांच्या घरट्यात घालतो, आणि शिकारी पक्ष्यासारखं रूप दिसलं की लहान पक्षी बिथरतात. झाडीत सातभाईंचा एकच कलकलाट उठला, तर वर बघा. शिक्रा असेल, नाहीतर पावशाची मादी.