टी हिर (वेल्श लांबघर)

वेल्समधील उत्तर मध्ययुगीन शेतघराचा एक प्रकार. वेल्श भाषेत ‘टी’ म्हणजे घर आणि ‘हिर’ म्हणजे लांब. एकाच लांबट, ठेंगण्या इमारतीत एका टोकाला माणसांची वस्ती, दुसऱ्या टोकाला गोठा (बेइदी) आणि दोहोंमध्ये आडवा बोळ, अशी याची मांडणी असते. अशी घरे मुख्यतः रॅडनरशर, ब्रेकनॉकशर, कार्मार्थनशर व ग्लॅमॉर्गन या जुन्या परगण्यांच्या डोंगराळ भागांत आढळतात.

घर उताराला आडवे न बांधता उताराच्या दिशेने बांधीत. वरच्या बाजूचा डोंगर कोरून निघालेली माती खालच्या बाजूस भरली की एक सपाट चौथरा तयार होई. वरच्या टोकास राहती खोली व खालच्या टोकास गोठा असल्यामुळे मलमूत्र घराकडे न येता खाली वाहून जाई. मधल्या बोळातून माणसे व जनावरे दोघेही आत येत, आणि बोळाच्या गोठ्याकडील बाजूने गुरांना वैरण घातली जाई. राहत्या दालनाला मूळात माळा नव्हता. चूल जमिनीवर मधोमध असे व धूर पाख्यांतून बाहेर पडे. छपराची काजळलेली लाकडे हा दालन आढ्यापर्यंत मोकळे असल्याचा सर्वांत भरवशाचा पुरावा मानला जातो. पाठीमागे बोळ असलेले दगडी धुराडे व वरचा माळा ही बहुधा सोळाव्या-सतराव्या शतकांतील भर होय.

या प्रकाराच्या उगमाविषयी मतभेद आहेत. वेल्श लोकजीवनाचे अभ्यासक योर्वर्थ पीट यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द वेल्श हाउस’ या ग्रंथात लांबघर ही संज्ञा रूढ केली आणि माणूस व गुरे एका छपराखाली राहण्याची रीत फार प्राचीन असल्याचे प्रतिपादन केले. ग्लॅमॉर्गनमधील गेलिगेर येथे पुरातत्त्वज्ञ एलीन फॉक्स यांनी १९३०च्या दशकात उत्खनन केलेल्या चौथऱ्यांवरील घरांचे अवशेष या मताच्या पुष्ट्यर्थ पुढे करण्यात आले. तथापि निव्वळ लांबट आराखड्यावरून गोठा सिद्ध होत नाही, हा आक्षेप बिनतोड वाटतो. खालचे टोक कोठार किंवा कामाची खोली असू शकते, आणि उभा असलेला गोठा काही ठिकाणी नंतर जोडलेला दिसतो. म्हणून घरातून गोठ्यात जाण्याचा आतला मार्ग मूळ बांधणीतलाच असल्याचे दिसेल, तेथेच ही संज्ञा वापरणे अधिक सयुक्तिक ठरते.

कालनिश्चितीत आणखी एक अडचण आहे. बाहेरून दगडी दिसणाऱ्या अनेक घरांचा मूळ सांगाडा लाकडी असून दगडी भिंती पुढे चढविलेल्या आहेत. हा सांगाडा ‘क्रक’ पद्धतीचा असतो : नैसर्गिक बाक असलेले ओकचे खोड उभे चिरून त्याचे दोन्ही भाग समोरासमोर उभे करतात व आढ्यापाशी जोडतात, आणि छपराचा भार भिंतीवर न येता या कैच्यांवर येतो. त्यामुळे भिंतीचे वय म्हणजे घराचे वय नव्हे. अशा घरांसाठी लाकडातील वार्षिक वलयांवरून वृक्षतोडीचे वर्ष काढण्याची पद्धत निर्णायक ठरली आहे. अर्वुडजवळील हावोद-अ-गारेग या घराच्या क्रकसाठी झाडे १४०२ मध्ये, म्हणजे इंग्रजी सत्तेविरुद्ध ओवेन ग्लिनडूर याने केलेल्या उठावाच्या ऐन काळात, तोडलेली होती. वेल्समध्ये याहून जुनी शेतघरे आजवर क्वचितच उभी आहेत.

रायडरजवळील किलेवेंट हे घर या दृष्टीने उद्‌बोधक आहे. त्याचा मूळ लाकडी सांगाडा सुमारे १४७० चा असून आजचे दगडी रूप १७३४ च्या सुमाराचे आहे. ते १९५५ मध्ये उतरवून कार्डिफजवळील सेंट फॅगन्स येथील वेल्श लोकजीवनाच्या खुल्या संग्रहालयात पुन्हा उभारण्यात आले. पीट हेच या संग्रहालयाचे पहिले प्रमुख होते. वायव्य वेल्समधील ग्विनेदमधून तेथेच आणलेले अ गारेग वाउर (१५४४) हे दगडी घर मात्र वेगळ्या परंपरेतील आहे. त्याला माळा व दोन्ही टोकांना धुराडी असून त्यात गोठा नाही.