फीडर शाळा आणि शहरव्यापी शाळानिवड (वॉशिंग्टन डी.सी.)

वॉशिंग्टनच्या सरकारी शाळांत साधारणपणे पाचवीपर्यंत प्राथमिक शाळा, सहावी ते आठवी मिडल स्कूल आणि पुढे बारावीपर्यंत हायस्कूल अशी रचना आहे. कोणत्या प्राथमिक शाळेतली मुले कोणत्या मिडल स्कूलमध्ये जाणार आणि तिथून कोणत्या हायस्कूलमध्ये, हे आधीच ठरलेले असते. या साखळीला ‘फीडर पॅटर्न’ म्हणतात. घराचा पत्ता ज्या प्राथमिक शाळेच्या हद्दीत येतो, ती शाळा आणि तिच्या पुढची सगळी साखळी त्या मुलाच्या हक्काची. याच शहरात दुसरी वाटही आहे. हद्द न पाहता शहरातल्या कोणत्याही शाळेसाठी सोडतीत अर्ज करता येतो. या दोन वाटांपैकी कोणतीला किती जागा द्यायची, यावर पालकांमध्ये अनेक वर्षे वाद चालू आहे. त्याची सर्वाधिक धग पाचवी-सहावीच्या उंबरठ्यावर जाणवते.

या वादाची मुळे वर्णभेदाच्या काळात आहेत. १९४७ मध्ये ब्राउन ज्युनिअर हायस्कूल या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत एवढी गर्दी झाली की वर्ग दोन पाळ्यांत भरवावे लागले, आणि पालकांनी मुलांना शाळेत पाठवणे बंद केले. या पालकांचे नेतृत्व गार्डनर बिशप नावाच्या एका न्हाव्याने केले. सप्टेंबर १९५० मध्ये बिशप ११ मुलांना घेऊन नव्याने बांधलेल्या सूझा ज्युनिअर हायस्कूलच्या दाराशी गेले. शाळेत जागा होती, पण ती गोऱ्या मुलांसाठी होती, म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. त्यातून उभा राहिलेला ‘बोलिंग विरुद्ध शार्प’ खटला सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी, शाळांतली वर्णभेदी विभागणी घटनाबाह्य ठरवणाऱ्या ‘ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ’ या प्रसिद्ध खटल्याच्याच दिवशी, पालकांच्या बाजूने निकाली काढला. ज्युनिअर हायस्कूल म्हणजे आजच्या मिडल स्कूलचे तेव्हाचे रूप. राजधानीतला शाळेच्या हक्काचा सर्वांत मोठा लढा याच वयाच्या मुलांसाठी झाला, हे आजच्या वादात क्वचितच कोणी आठवते.

निकालानंतर गोरी कुटुंबे उपनगरांकडे निघून गेली. शहरात राहिली ती बहुतांशी रॉक क्रीक पार्क या शहरातल्या लांबलचक उद्यानाच्या पश्चिमेला. १९६७ च्या ‘हॉबसन विरुद्ध हॅन्सन’ निकालात न्यायाधीश स्केली राइट यांनी ‘ऐच्छिक हद्दी’ रद्द केल्या. ठरावीक वस्त्यांतल्या पालकांना या सोयीमुळे दोनपैकी एक शाळा निवडता येत असे आणि गोरी मुले कृष्णवर्णीयांच्या शाळा टाळू शकत असत. पूर्वेकडच्या भरगच्च शाळांतल्या ज्या मुलांना जायचे असेल, त्यांना बसने पश्चिमेकडच्या रिकाम्या वर्गांत नेण्याचा आदेशही त्याच निकालात होता. म्हणजे ‘निवड’ हा शब्द या शहरात प्रथम गाजला तो वेगळे राहण्याची सवलत म्हणून. आजच्या सोडतीचा हेतू नेमका उलटा आहे. जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांतले काही पालक ‘निवड’ म्हटले की अजून सावध होतात, त्यामागे हा इतिहास आहे.

आजच्या सोडतीचे नाव ‘माय स्कूल डीसी’. २०१४–१५ या शालेय वर्षासाठी ती प्रथम झाली. त्याआधी प्रत्येक चार्टर शाळेचा अर्ज वेगळा भरावा लागे. चार्टर म्हणजे सरकारी पैशावर, पण शहराच्या शाळाखात्याबाहेर चालणाऱ्या शाळा. शहरातल्या सरकारी विद्यार्थ्यांपैकी जवळपास निम्मे या शाळांत आहेत. आता एकाच अर्जात १२ शाळांपर्यंत पसंतीक्रम देता येतो. प्रत्येक मुलाला संगणक एक यादृच्छिक क्रमांक देतो. भावंड त्या शाळेत असणे, हद्दीत राहणे अशा गोष्टींना प्राधान्य मिळते आणि मार्चअखेरीस निकाल लागतो. मूल एका शाळेत लागले की यादीत तिच्या खाली लिहिलेल्या शाळांवरचा त्याचा दावा संपतो, मात्र वर लिहिलेल्या शाळांच्या प्रतीक्षायादीत त्याचे नाव राहते. ही पद्धत गेल आणि शॅप्ली यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या जुळणीच्या गणितावर उभी आहे. त्यात खरी पसंती लपवून काही फायदा होत नाही. तरीही पालक दरवर्षी ‘कोणती शाळा वर लिहू’ यावर रात्र-रात्र डोके शिणवतात. आपल्याकडच्या अकरावीच्या केंद्रीय प्रवेशातही पसंतीक्रम असतो, पण तिथे गुण बोलतात. वॉशिंग्टनची सोडत शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांच्या सोडतीला अधिक जवळची आहे, फरक इतकाच की तिथे श्रीमंत-गरीब सगळे एकाच मडक्यात हात घालतात. अलीकडे काही शाळांनी गरीब किंवा बेघर कुटुंबांतल्या मुलांसाठी प्राधान्याच्या जागा ठेवल्या आहेत.

सोडतीतला सर्वांत वादग्रस्त नियम फीडर-हक्काचा आहे. हद्दीबाहेरचे मूल सोडतीतून एखाद्या प्राथमिक शाळेत लागले, की पुढच्या मिडल स्कूलचा आणि हायस्कूलचा हक्कही त्याला मिळतो. त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाची सोडत ही प्रत्यक्षात पंधरा वर्षांची सोडत ठरते. तीन-चार वर्षांच्या वर्गांत तर बहुतेक शाळांत हद्दीतल्या मुलांनाही हक्क नसतो. त्यांनाही सोडतीतूनच यावे लागते.

पश्चिमेकडचे ॲलिस डील मिडल स्कूल आणि त्यापुढचे हायस्कूल (पूर्वीचे वुड्रो विल्सन, २०२२ पासून जॅक्सन-रीड) यांच्यावर शहरभरच्या पालकांची नजर असते. जॅनी, लाफायेट, मर्च या प्राथमिक शाळांच्या हद्दीत घर घेताना लोक प्रत्यक्षात डीलमधली जागा विकत घेतात. माझ्या मते या वादातली खरी विषमता इथे आहे. एकाला खात्री घराच्या किमतीतच मिळते, दुसऱ्याच्या हातात सोडतीचा क्रमांक उरतो.

२०१४ मध्ये शहराने १९६८ नंतर प्रथमच सगळ्या हद्दी नव्याने आखल्या, तेव्हा हे सगळे उघड्यावर आले. एप्रिलमधल्या प्राथमिक मसुद्यांत एका शाळेऐवजी शाळांच्या गटातून सोडतीने जागा देण्याचा पर्याय होता. पालकांचा संताप इतका झाला की जूनपर्यंत तो मागे पडला. घराजवळची हक्काची शाळा हवी, यावर श्रीमंत आणि गरीब अशा दोन्ही वस्त्या ठाम राहिल्या. अंतिम आराखड्यात क्रेस्टवुड ही वस्ती डीलच्या साखळीतून निघून मॅकफार्लंड मिडल स्कूलकडे गेली. पण मॅकफार्लंड २०१३ मध्येच बंद झाले होते. ज्या शाळेला कुलूप आहे तिच्या भरवशावर मूल कसे सोपवायचे, हा क्रेस्टवुडच्या पालकांचा प्रश्न रास्तच होता. त्या वर्षीच्या महापौरपदाच्या निवडणुकीत म्युरिएल बाउझर यांनी सर्वांना ‘डील’सारखी शाळा देण्याचे आश्वासन दिले. एका मिडल स्कूलचे नाव निवडणुकीची घोषणा झाले.

पूर्वेकडच्या प्राथमिक शाळांना दुसरेच दुखणे आहे. बेसिस आणि वॉशिंग्टन लॅटिन या नावाजलेल्या चार्टर शाळा पाचवीपासून प्रवेश देतात. त्यामुळे चौथी संपली की वर्गातली मुले निघायला लागतात. पाचवीचा वर्ग विरळ होतो आणि सहावीत फीडर मिडल स्कूलला जाणारी मुले आणखी कमी उरतात. मिडल स्कूलची पटसंख्या कमी, म्हणून संगीत, वरच्या पातळीचे गणित, दुसरी परकीय भाषा देणे कठीण. हे मिळत नाही म्हणून पुढचे पालक मुलांना काढतात. कॅपिटल हिल या वस्तीतल्या आणि तिच्या आसपासच्या स्टुअर्ट-हॉबसन, एलियट-हाइन आणि जेफरसन या मिडल स्कूलच्या फीडर प्राथमिक शाळांतले पालक म्हणूनच एकमेकांशी बोलून ठरवताना दिसतात: ‘तुम्ही गेलात तर आम्हीही जाऊ.’ एकट्या कुटुंबाने राहणे त्यांना धोक्याचे वाटते, आणि दहा कुटुंबांनी मिळून राहणे शक्य वाटते.

शॉ वस्तीतल्या पालकांनी वर्षानुवर्षे स्वतःचे मिडल स्कूल मागितले. पण जुन्या शॉ ज्युनिअर हायस्कूलची जागा २०१९ मध्ये, मोठ्या वादानंतर, निवडून प्रवेश देणाऱ्या बॅनेकर हायस्कूलला देण्यात आली आणि २०२१ मध्ये तिथे नवी इमारत सुरू झाली. बॅनेकरमध्ये शहरभरातली मुले येतात. वस्तीची शाळा हवी की शहराची, असा तो उघड सामना होता.

नियम मोडला गेला की हा समाज किती चिडतो, ते २०१८ मध्ये दिसले. शाळाखात्याचे प्रमुख अँटवान विल्सन यांच्या मुलीला सोडतीची रांग टाळून मागणी असलेल्या हायस्कूलमध्ये हलवण्यात आले होते. अधिकाऱ्यांच्या मुलांना अशी खास सवलत देणे रोखणारे नियम काही महिन्यांपूर्वी त्यांनीच जारी केले होते. त्यांना राजीनामा द्यावा लागला.

२०२३ मध्ये हद्दींचा पुढचा आढावा सुरू झाला. त्यात कॅपिटल हिलजवळच्या मॉरी आणि मायनर या दोन प्राथमिक शाळा जोडण्याचा प्रस्ताव सर्वाधिक पेटला. दोन्हींमधले अंतर अर्ध्या मैलापेक्षा कमी. मॉरीत सुखवस्तू गोऱ्या घरांतली मुले जास्त, मायनरमध्ये बहुतेक कृष्णवर्णीय आणि अनेक गरीब घरांतली. प्रस्ताव असा होता की हद्द एक करावी, लहान वर्ग एका इमारतीत आणि मोठे दुसरीत. भावंडांना दोन ठिकाणी सोडावे लागेल, या तक्रारीपासून आपल्याला विचारलेच नाही, या तक्रारीपर्यंत विरोध झाला. समर्थकही कमी नव्हते. शेवटी लगेच जोडणी न करता अभ्यासगट नेमण्यावर निभावले. या दोन्ही शाळांची फीडर साखळी एकच आहे. सहावीत दोघींची मुले एलियट-हाइनमध्ये एकाच वर्गात बसायची असतात, तोपर्यंत जी उरतील ती.