चाकवताचा दक्षिण अमेरिकी चुलतभाऊ

आमच्या घरी पहिल्यांदा किन्वा, म्हणजे धान्यासारखं शिजवून खायचं दक्षिण अमेरिकी बी, शिजला तेव्हा सासूबाईंनी एक घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि विचारलं, ‘ह्यात रिठा पडलाय का गं?’ पाकिटावर ‘धुतलेला’ असं छापलेलं होतं, त्यावर विश्वास ठेवून मी तो नुसता विसळून पातेल्यात टाकला होता. तोंडात कडवट चव आणि घशात खवखव राहिली. उरलेलं सगळं बाहेर चिमण्यांसाठी ठेवलं, तर चिमण्यांनीही ढुंकून पाहिलं नाही.

गंमत म्हणजे सासूबाईंचं निदान रसायनशास्त्राच्या दृष्टीने अचूक होतं. किन्वाच्या दाण्याच्या सालीत सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात आणि रिठ्यात, शिकेकाईत फेस येतो तोही सॅपोनिनांमुळेच. सॅपोनिनच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं स्निग्ध पदार्थाला, म्हणून तो साबणासारखा वागतो. झाडाच्या दृष्टीने हे चिलखत आहे. कडू दाणा पक्षी टिपत नाहीत, किडेही जपून राहतात. चिमण्यांना पाकिटावरचं वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्या फसल्या नाहीत.

अँडीज पर्वतातल्या लोकांना हे हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. बोलिव्हियाच्या पठारावर किन्वा आधी भाजतात, दगडी खळग्यात घालून पायांनी तुडवतात, पाखडतात आणि मग पाणी बदलत बदलत धुतात. आपल्याकडच्या बाया पूर्वी उखळात भात सडायच्या, त्याचीच आठवण व्हावी. धुतलेलं फेसाळ पाणीही तिथे वाया जात नसे, केस आणि कपडे धुवायला ते वापरत.

आपला किन्वा नीट धुतला गेलाय की नाही, हे ओळखायला प्रयोगशाळेतही एक साधी युक्ती वापरतात. थोडे दाणे नळीत घ्यायचे, पाणी घालायचं, झाकण लावून हलवायचं आणि वर किती उंच फेस राहतो ते मोजायचं. ज्या वाणात सॅपोनिन 0.11 टक्क्यांपेक्षा कमी, तो ‘गोड’ वाण. घरी जॅमची रिकामी बरणी पुरते. चमचाभर दाणे, थोडं पाणी, अर्धा मिनिट हलवा. साबणासारखा फेस टिकून राहिला तर पाकीट काहीही म्हणो, दाणे अजून धुवायचे आहेत.

आता नात्याविषयी. किन्वाचं शास्त्रीय नाव चिनोपोडियम किन्वा आणि आपल्या चाकवताचं चिनोपोडियम आल्बम. म्हणजे आडनाव एकच. चिनोपोडियम म्हणजे ग्रीक भाषेत हंसाचं पाऊल. चाकवताचं पान हातात धरून पाहिलं की हे नाव का दिलं ते कळतं. पालक, बीट आणि राजगिरा हीसुद्धा याच विस्तारित कुळातली मंडळी. थोडक्यात, किन्वा गहू-तांदळासारखं गवताचं बी नाही, ते एका पालेभाजीचं बी आहे. हिमाचलातल्या डोंगरी गावांत चिनोपोडियमच्या एका प्रकाराचं धान्यही परंपरेने पिकवतात, तेव्हा या घराण्याचं बी खाणं आपल्या देशालाही अगदीच नवं नाही. मराठी स्वयंपाकघराने मात्र चाकवताचं पान घेतलं आणि बी सोडून दिलं.

2017 साली किन्वाचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला. सौदी अरेबियातल्या किंग अब्दुल्ला विद्यापीठातल्या संशोधकांनी या कामाचं नेतृत्व केलं होतं. त्यातून दिसलं की किन्वा हा मुळात दोन वेगवेगळ्या पूर्वजांच्या संकरातून झालेला आहे, आणि दोघांचेही जनुकसंच तो आजतागायत सोबत घेऊन फिरतो. दाण्यातलं सॅपोनिन कमी-जास्त करण्यात ज्याचा हात असावा असं एक जनुकही सापडलं. धुवायची कटकट नसलेले वाण तयार करायला त्याचा उपयोग होईल. पण शेतातल्या पक्ष्यांना ती मेजवानीच ठरेल, हा भाग निराळा.

शिजवलेल्या किन्वाच्या दाण्याभोवती एक पांढरी गोल शेपटी सुटलेली दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, अळी आहे की काय. ती अळी नव्हे, तो अंकुर. गव्हाच्या किंवा तांदळाच्या दाण्यात अंकुर एका कोपऱ्यात दडलेला असतो, बाकी सगळा पिठूळ साठा. तांदूळ पॉलिश करताना तो कोपरा निघून जातो आणि त्याबरोबर चांगलं पोषणही. किन्वात उलटं आहे. मधोमध पिठूळ गाभा आणि त्याला कड्यासारखा वेढून बसलेला अंकुर. प्रथिनं, स्निग्धांश, खनिजं यांचा मोठा वाटा अंकुरात असतो, आणि दाणा घासला-धुतला तरी हा अंकुर जागेवर राहतो. शिजताना गाभा फुगतो, कडं उसवतं आणि शेपटी बाहेर येते. राजगिऱ्याच्या इवल्या दाण्याची रचनाही हीच.

आता आकड्यांकडे वळू, कारण किन्वाच्या नावावर सगळ्यात जास्त थापा तिथेच मारल्या जातात. 100 ग्रॅम कोरड्या किन्वात सुमारे 14 ग्रॅम प्रथिनं आणि 7 ग्रॅम तंतू. आकडा भारी दिसतो. पण कोरडा किन्वा कोणी खात नाही. शिजल्यावर त्यात सत्तर टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, आणि 100 ग्रॅम शिजलेल्या किन्वात प्रथिनं उरतात साडेचार ग्रॅमच्या आत. तेवढ्याच पांढऱ्या भातात ती पावणेतीन ग्रॅम. फरक आहे, पण डोळे पांढरे व्हावेत इतका नाही. उष्मांक किन्वाचे 120, भाताचे 130. वजन कमी होईल म्हणून दोन वाट्या किन्वा हाणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून ठेवावेत. खरा फरक तंतूंमध्ये आहे. किन्वात 2.8 ग्रॅम, पांढऱ्या भातात अर्धा ग्रॅमही नाही. शिवाय किन्वा खाल्ल्यावर रक्तातली साखर भातापेक्षा सावकाश चढते. मधुमेह असलेल्यांना त्याचा फायदा होतो, मात्र 100 ग्रॅमला 21 ग्रॅम पिष्टमय पदार्थ आहेत ते मोजायचेच. ‘किन्वा आहे, चालतं’ म्हणून ताट भरलं की फायदा तिथेच संपला.

दुसरा दावा ‘संपूर्ण प्रथिना’चा, म्हणजे शरीराला लागणारी सगळी आवश्यक अमिनो आम्लं किन्वात पुरेशी असल्याचा. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांचे घटक, आणि त्यातली नऊ आपल्या शरीराला अन्नातूनच मिळवावी लागतात. धान्यांमध्ये या नवांतलं लायसिन कमी पडतं. किन्वात ते गव्हाच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात आहे, त्यामुळे दावा खोटा नाही. पण वरण-भात खाणाऱ्या माणसाला त्यात नवल वाटायचं कारण नाही. डाळीत लायसिन भरपूर, तांदळात कमी. मिथिओनिन हे नवांतलंच दुसरं, ते तांदळात बरं, डाळीत कमी. ताटात दोन्ही आले की हिशेब पुरा होतो. किन्वाची खरी सोय ज्यांना डाळी पचत नाहीत किंवा गव्हातलं ग्लुटेन चालत नाही, त्यांना.

आणि राजगिरा? प्रथिनांत तो किन्वाच्या खांद्याला खांदा लावून उभा आहे. कॅल्शियम पाहिलं तर 100 ग्रॅम कोरड्या किन्वात साधारण 47 मिलिग्रॅम, राजगिऱ्यात 160 च्या आसपास, आणि नाचणीत त्याच्याही दुप्पट. लोहातही राजगिरा पुढे. म्हणून कोणी नाचणी-राजगिरा बंद करून महागडा किन्वा सुरू करायला निघालं तर मी त्यांना थांबवीन. भात किंवा मैदा कमी करून किन्वा आणत असतील तर खुशाल आणावा.

उपवासाला चालतो का, हाही प्रश्न हमखास येतो. वनस्पतिशास्त्राने पाहिलं तर राजगिरा जसा धान्य नाही, तसाच किन्वाही नाही. पण त्याच नियमाने वरी हे शंभर टक्के गवताचं धान्य आहे, आणि भगर आपण दर एकादशीला वाटीवाटीने खातो. उपवासाचे नियम वनस्पतिशास्त्राला विचारून ठरलेले नाहीत. तेव्हा हा निकाल घरातल्या ज्येष्ठांकडे सोपवलेला बरा.

आता पातेल्याकडे. एक वाटी किन्वा बारीक गाळणीत घ्या, कारण भाताच्या चाळणीतून तो निसटून जातो. नळाखाली धरून तळव्याने चोळत धुवा, फेस संपेपर्यंत. मग पाणी पूर्ण निथळू द्या. कढईत कोरडाच दोन-तीन मिनिटं परता. दाणे तडतडायला लागले आणि खमंग वास आला की पावणेदोन ते दोन वाट्या उकळतं पाणी, मीठ, झाकण, मंद आच. पंधरा मिनिटांत पाणी आटतं. बहुतेकांची चूक इथून पुढे होते. गॅस बंद केल्यावर झाकण न काढता आठ-दहा मिनिटं वाफ मुरू द्यायची, आणि मग काट्याने हलक्या हाताने मोकळं करायचं. पळीने ढवळलं की लगदा. किन्वाच्या पिष्टाचे कण फार बारीक असतात, एक-दोन मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे. दाणा ओला असतानाच ढवळून मोडला की ते बाहेर येऊन चिकटपणा करतात. एका वाटीचा जवळजवळ तीन वाट्या होतो. कुकरमध्ये करायचा तर पाणी दीड वाटीपेक्षा कमी आणि एकच शिट्टी. लाल आणि काळा किन्वा थोडा जास्त वेळ घेतो आणि दाताखाली जरा टणक राहतो. उपम्याला पांढरा, कोशिंबिरीत मिसळायला लाल.

हे पिष्ट फुगायला फार उष्णता लागत नाही, 65 अंशांच्या आतबाहेर काम होतं. किन्वाच्या मायदेशात याला मोल आहे. टिटिकाका सरोवर समुद्रसपाटीपासून 3,800 मीटरवर आहे आणि तिथे पाणी 87 अंशांच्या सुमारासच उकळतं. तेवढ्यावर राजमा तासन्‌तास कच्चाच राहील, किन्वा मात्र आरामात शिजतो. तिथे तो कोशिंबिरीत क्वचित दिसतो. दूध आणि चीज घालून घोटलेला ‘पेस्के’, बटाटा घातलेलं सूप, पेरू देशाच्या राजधानीत, लिमात, सकाळी रस्त्यावर मिळणारं सफरचंद घालून उकळलेलं गरम पेय, ही त्याची घरची रूपं.

संयुक्त राष्ट्रांनी 2013 हे किन्वाचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं, त्या सुमारास भाव भडकले. ‘आपण खातो म्हणून तिथले गरीब उपाशी राहतात’ अशी ओरड झाली. नंतर पेरू देशातल्या कुटुंबांच्या खर्चाची आकडेवारी तपासली गेली तेव्हा भाववाढीमुळे त्यांचं नुकसान झाल्याचं दिसलं नाही. इतर ठिकाणी लागवड वाढली आणि भाव कोसळले, तो फटका डोंगरातल्या छोट्या शेतकऱ्यांना जास्त बसला. भारतात राजस्थान आणि आंध्रातही आता किन्वा पिकतो.

चवीचं सांगायचं तर किन्वा स्वतः फार बोलका नाही, त्याला फोडणी लागते. खिचडीत मुगाच्या डाळीबरोबर तो छान जमतो. वरून लिंबू पिळायला विसरू नका. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे वनस्पतीतलं लोह शरीरात जास्त शोषलं जातं. जेवणानंतरचा लगेचचा चहा नेमकं उलटं काम करतो. आमच्याकडे मात्र हिवाळ्यात चाकवत आला की ताकातली भाजी होते, डाळ-दाणे घालून, लसणाची फोडणी देऊन, आणि ती भाताऐवजी किन्वावर वाढली जाते. एकाचं पान, एकाचं बी. उरलेला किन्वा फ्रीजमध्ये ठेवला तर दुसऱ्या दिवशी दाणे अधिकच सुटे होतात. कांदा, हिरवी मिरची, हळद घालून त्याचा फोडणीच्या भातासारखा नाश्ता होतो. सासूबाई तो खातात, पण अजूनही आधी वास घेऊन.