झडलेली पिसं आणि उघडी चोच

गेल्या ऑक्टोबरात शेजारच्या मावशी भल्या सकाळी दारात येऊन उभ्या राहिल्या. पदराखाली त्यांची तांबडी कोंबडी, आणि वाऱ्याबरोबर उडणारी दोन-चार पिसं. "बघा की ओ, हिला काय झालंय. खुराड्यात नुसता पिसांचा सडा पडलाय. मानमोडी तर नसंल?" मानमोडी म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग.

कोंबडीचा डोळा टवटवीत होता, पाय गरम होते, आणि मावशींच्या बांगड्यांवर ती चोच मारत होती. तिच्या मानेवर उलट्या दिशेनं फुंकर मारली. पिसं बाजूला झाली आणि खाली कातडीवर ओळीनं उगवलेले निळसर खुंट दिसले, प्रत्येक खुंट पातळ पांढऱ्या वेष्टणात गुंडाळलेला. आजाराची पिसं अशी रांगेत उगवत नाहीत. कोंबडी जुनी पिसं टाकून नवी घालत होती, वर्षाकाठी एकदा घालते तशी.

हीच कोंबडी मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली चोच उघडी टाकून, पंख अंगापासून फाकवून उभी होती. तेव्हा मावशी घाबरल्या नव्हत्या. "उन्हाळा आहे, धापा टाकणारच," असं म्हणाल्या होत्या. मला कळकळीनं सांगायचंय ते हेच: घाबरायचं कुठं आणि धीर कुठं धरायचा, हे आपल्याकडं उलटं होतं. पिसगळ आठवड्यांनी मोजायची गोष्ट आहे. उन्हाची धाप मात्र मिनिटांनी मोजावी लागते.

आधी पिसांचं बघू. कोंबडी दिवसाची लांबी ओळखते, आणि त्यासाठी तिला फक्त डोळेच लागतात असं नाही. पक्ष्यांच्या कवटीतून उजेड थेट मेंदूपर्यंत झिरपतो आणि तिथल्या पेशी तो टिपतात. सोलापुरात जूनमधला सर्वांत मोठा दिवस साधारण १३ तास १० मिनिटांचा, तर डिसेंबरातला सर्वांत लहान सुमारे ११ तास ५ मिनिटांचा. युरोपाच्या मानानं हा फरक अगदी थोडा, पण कोंबडीला तो पुरतो. भाद्रपद-आश्विनात दिवस आखडायला लागला की अंडी घालायला लावणारी संप्रेरकं ओसरतात, थायरॉइडचं काम वाढतं आणि पिसं सुटू लागतात. रात्रभर दिवा जळणाऱ्या अंगणातल्या कोंबडीचं हे वेळापत्रक पुढंमागं होतं, म्हणून शेजारच्या दोन घरांतल्या कोंबड्या एकाच महिन्यात पिसं टाकतील असं नाही. पहिली खरी पिसगळ बहुधा सव्वा-दीड वर्षाच्या वयात येते.

पिसं झडतात ती क्रमानं: आधी डोकं, मग मान, छाती, पाठ, शेवटी पंख आणि शेपटी. दोन्ही बाजूंना सारखी झडतात. ही ओळखीची मोठी खूण. एकाच जागी, वेडंवाकडं टक्कल पडलं असेल तर कारण वेगळं शोधायचं. फक्त पाठीवरची पिसं तुटली असतील तर ते कोंबड्याच्या नख्यांचं काम. शेपटीखालची जागा लाल, खरबरीत आणि उघडी पडली असेल तर उवा किंवा बारीक किडे, किंवा सोबतच्या कोंबड्यांचं टोचणं. पोटावरची पिसं उपटून खुराड्यात बसून राहिली तर ती खुडूक आहे, म्हणजे अंडी उबवायला बसलीय. आणि काही गावठी कोंबड्यांची मान जन्मापासूनच उघडी असते. तो एका जनुकाचा गुण आहे, रोग नाही. उलट अशा कोंबड्यांना उन्हाळा जरा सोपा जातो, कारण उघड्या मानेतून उष्णता लवकर बाहेर पडते.

पिसगळीत तुरा फिका पडतो, आकसतो आणि अंडी थांबतात. कडकनाथाचा तुरा मुळातच काळा, त्यामुळं तिथं रंगावर विसंबू नये, आकार बघावा. हे सगळं दोन ते तीन महिने चालतं. पंखाच्या टोकाकडची मोठी पिसं १०, ती पंखाच्या मधल्या बाजूकडून टोकाकडं झडत जातात, आणि एकेक पीस पुरतं वाढायला साधारण ६ आठवडे लागतात. चांगली अंड्यावरची कोंबडी दोन-तीन पिसं एकदम टाकून लवकर मोकळी होते. रेंगाळणारी एकेक टाकत बसते. पंख हलकेच उघडून नवी-जुनी पिसं मोजली की पिसगळ कुठवर आली ते कळतं. मोजताना जपून मात्र. नव्या खुंटांत रक्त खेळत असतं, ते दाबले की कोंबडीला दुखतं आणि मोडले तर भळाभळा वाहतं. तसं झालंच तर स्वच्छ फडक्यानं दाबून धरायचं. लेकरांना या दिवसांत तिला उचलू देऊ नये.

पीस म्हणजे ८० ते ८५ टक्के प्रथिन. नुसत्या ज्वारी-कणीवर ते भागत नाही. सोलापुरात शेंगदाण्याची पेंड हाताशी असते आणि तिच्यात प्रथिनं भरपूर आहेत. पण पिसाच्या केराटिन या प्रथिनाला गंधकयुक्त अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) लागतात, आणि त्यांतलं मेथिओनिन नेमकं शेंगदाण्यात कमी. म्हणून पेंडीला मूठभर सुकटीची किंवा तिळाच्या पेंडीची जोड द्यावी. बुरशीचा वास येणारी पेंड मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी घालू नये. तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष कोंबडीच्या यकृताचं वाटोळं करतं.

आता ऊन. कोंबडीच्या अंगाचं तापमान एरवीच ४१ ते ४२ अंश असतं. तिला घामाच्या ग्रंथी नाहीत. थंडीच्या दिवसांत अंगातली उष्णता तुरा, गळ्याखालच्या लाल पाळ्या आणि पाय यांतून सहज हवेत जाते. पण वैशाखात सोलापूरची हवा ४३ अंशांवर गेली की हवाच कोंबडीपेक्षा गरम होते. मग उष्णता बाहेर जायच्या ऐवजी आत येऊ लागते. अशा वेळी कोंबडीपुढं नुसता पंखा लावला तर आपण तिच्यावर गरम झळा सोडत असतो.

तिच्या हाती मग एकच उपाय उरतो: पाणी उडवणं. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता ओढली जाते. कोंबडी चोच उघडून, गळा फडफडवत भराभर श्वास घेते तेव्हा तिच्या श्वासमार्गाच्या ओल्या अस्तरावरून हे बाष्पीभवन होत असतं. एरवी मिनिटाला वीस-तीस श्वास घेणारी कोंबडी तेव्हा दीडशेच्याही वर जाते. सोलापूरची कोरडी हवा इथं तिच्या बाजूनं असते. वळीव पडून गेल्यावरच्या दमट उकाड्यात पारा उतरलेला असूनही कोंबड्या जास्त तडफडतात, कारण ओल्या हवेत वाफ सुटत नाही.

या धापेची किंमतही आहे. भराभर श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि रक्ताचा समतोल ढळतो. अंड्याचं कवच म्हणजे जवळपास सगळं कॅल्शियम कार्बोनेट. त्यातला कार्बोनेट याच कार्बन डायऑक्साइडपासून बनतो, आणि कवच घडायला सुमारे २० तास लागतात. म्हणून उन्हाळ्यात पातळ कवचाची अंडी दिसली की शिंपल्यांचा चुरा वाढवण्याआधी सावली बघावी.

खुणा पायरी-पायरीनं वाढतात. आधी पंख अंगापासून सुटतात, कोंबडी सावलीची ओल शोधून माती उकरते, पाणी दुप्पट पिते. चोच सुमारे ३० अंशांपासूनच उघडू लागते. इथवर सावली आणि गार पाणी पुरतं. पुढं डोळे मिटू लागतात, तुरा आधी लालभडक आणि मग निळसर-फिका होतो, पाय लटपटतात. ती आडवी झाली, पाणी पुढं ठेवूनही पिईना, की हाताशी फार वेळ नसतो. तिला लगेच सावलीत न्यावं, पाय साध्या गार पाण्यात बुडवावेत, तुरा आणि पाळ्या ओल्या कराव्यात. आता पंखा लावला तर उपयोगाचा, कारण अंग ओलं आहे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, चोचीत पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जातं. शुद्धीवर येऊन स्वतः पिऊ लागली की चिमूटभर मीठ-गुळाचं पाणी ठेवावं. अर्ध्या तासात उभी राहिली नाही तर पशुवैद्यकाकडं न्यावं.

आमच्या भागातली खरी अडचण पत्र्याची आहे. दुपारी पत्रा हात लावू देत नाही आणि ती आच खाली कोंबडीच्या पाठीवर येते. पत्र्यावर कडब्याच्या पेंढ्या अंथरल्या किंवा चुना फासला तरी खालचा फरक हाताला कळतो. उन्हाकडच्या बाजूला ओलं गोणपाट लावावं. पाणी प्लास्टिकच्या डब्यापेक्षा मातीच्या परळात ठेवावं. माती पाझरते आणि तीच वाफेची युक्ती पाणी गार ठेवते. गरम झालेलं पाणी कोंबडी पीत नाही, म्हणून दुपारी दोनदा तरी बदलावं.

दाण्याची वेळही महत्त्वाची. खाल्लेलं पचवताना अंगात उष्णता तयार होते, ती चार-सहा तास चढत राहते, आणि प्रथिनांची उष्णता जास्त. सकाळी दहाला दिलेली पेंड भर दुपारी तिला पोळते.

मावशींच्या कोंबडीचं ऑक्टोबरात नेमकं हेच चाललं होतं. दिवस आखडले म्हणून पिसं झडत होती आणि दुपारी ऑक्टोबरचा उकाडा होता. दोन्ही एकदम असल्यानं त्या गोंधळल्या, आणि अशक्तपणा नको म्हणून दुपारी पेंड घालू लागल्या होत्या. आम्ही पेंड-सुकट संध्याकाळी पाचनंतर ठेवली, सकाळी उजाडताच ज्वारी. खुराडं कडुनिंबाखाली सरकवलं. चार दिवसांनी मी दुपारी तीनला मुद्दाम डोकावले. मानेवरच्या खुंटांची टोकं फुटून तांबूस कुंचले बाहेर आले होते, आणि चोच मिटलेली होती.