भाताची खाचरं, ठरलेला पगार आणि देव

जुलै १९९७ मध्ये एका अमेरिकी डॉलरसाठी इंडोनेशियात साधारण २,४०० रुपिया मोजावे लागत. पुढच्या जूनपर्यंत हा आकडा १६,०००च्या घरात पोचला. तांदळासकट सगळ्याचे भाव भडकले आणि मे १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंची तीन दशकांची सत्ताही गडगडली.

जावा बेटावरच्या एखाद्या गावातली दोन शेजारी घरं डोळ्यांसमोर आणा. एकाकडे भाताची खाचरं आहेत. दुसऱ्या घरात ठरलेला मासिक पगार येतो. एरवी पगारवाल्याचं बरं चाललेलं. पण तांदूळ महागला तो पिकवणाऱ्याच्या पथ्यावर पडला, आणि पगाराची मात्र बघता बघता माती झाली. नोकरी तीच, पाकिटातल्या नोटाही तेवढ्याच. त्यात येणारा तांदूळ निम्मासुद्धा नाही. पैसा आणि शिक्षण आलं की देवावरची श्रद्धा ओसरते, असं सर्रास म्हटलं जातं. आता प्रश्न असा, की या दोघांपैकी देवाकडे जास्त कोण वळलं?

डॅनियल चेन या अर्थशास्त्रज्ञाने नेमका हाच फरक पकडून अभ्यास केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घरांना फटका जास्त बसला, त्या घरांत कुराणाच्या सामूहिक पठणाला जाणं आणि मुलांना इस्लामी शाळेत घालणं वाढलं होतं. या अभ्यासाचं मोल असं, की फटका कोणाला बसावा हे त्या माणसांच्या शिक्षणाने किंवा स्वभावाने ठरवलं नव्हतं, ते बाजारभावाने ठरवलं होतं. ‘आधीच भाविक, म्हणून गरीब’ असा उलटा तर्क इथे लढवता येत नाही.

एरवी या विषयात तोच घोटाळा होतो. गॅलप या संस्थेने २००९ मध्ये शंभराहून अधिक देशांत विचारलं, ‘तुमच्या रोजच्या जगण्यात धर्म महत्त्वाचा आहे का?’ सर्वांत गरीब देशांच्या गटात ‘हो’ म्हणणारे ९५ टक्क्यांच्या आसपास निघाले, सर्वांत श्रीमंत गटात जेमतेम ४७ टक्के. बांगलादेशात जवळजवळ प्रत्येक जण ‘हो’ म्हणाला, स्वीडनमध्ये सहातला एक. आकडे बरोबर आहेत, पण त्यावरून ‘पोट भरलं की देव सुटतो’ असं म्हणणं घाईचं होईल. त्याच पाहणीत श्रीमंत अमेरिकेत ६५ टक्के लोक ‘हो’ म्हणाले होते. शिवाय दोन देशांत फरक फक्त पैशाचा नसतो. इतिहास, राज्यकर्ते, दवाखाने, पेन्शन, सगळंच वेगळं असतं.

इक्वाडोरमधला एक अभ्यास तर हा सिद्धान्त पार उलटाच करतो. तिथे सरकार गरीब कुटुंबांना दरमहा रोख मदत देतं. ती कोणाला मिळणार हे दारिद्र्याच्या गुणांकावरून ठरतं. म्हणजे त्या गुणांकाच्या ठरलेल्या रेषेच्या जरा अलीकडचं आणि जरा पलीकडचं घर जवळपास सारखंच, फक्त एकाला पैसे मिळतात, दुसऱ्याला नाही. थॉमस ब्यूजर यांनी अशा घरांची तुलना केली. हातात चार पैसे जास्त आलेली कुटुंबं चर्चला जास्त वेळा जात होती! मला याचं फार नवल वाटलं नाही. देवळात जायलाही खर्च असतो. प्रवासाचं भाडं, बरे कपडे, दानपेटीत टाकायला काहीतरी. आपल्याकडेही सत्यनारायण घालायचा तर आधी प्रसादाचा रवा, तूप आणि साखर घरात यावी लागते.

मग शिक्षणाचं काय? इथेही शिकलेले आणि न शिकलेले यांची नुसती तुलना करून भागत नाही, कारण जास्त शिकणारी माणसं मुळातच वेगळ्या घरांतून आलेली असू शकतात. डॅनियल हंगरमन यांनी कॅनडातल्या सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यांचा आधार घेतला. शाळा सोडायचं किमान वय वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या वर्षी वाढलं, आणि काही मुलांना, इच्छा असो वा नसो, एखादं वर्ष जास्त बाकावर बसावं लागलं. ही मुलं मोठी झाली तेव्हा, दर जादा वर्षामागे, स्वतःला कुठल्या ना कुठल्या धर्माचं म्हणवणाऱ्यांचं प्रमाण शंभरामागे सुमारे ४ने उतरलेलं दिसलं.

पण अमेरिकेकडे पाहा. तिथे जास्त शिकलेली माणसं चर्चला जास्त जातात, असं एडवर्ड ग्लेझर आणि ब्रूस सॅसरडोट यांनी दाखवलं. गंमत अशी, की ज्या पंथांत शिक्षण जास्त, ते पंथ मात्र श्रद्धेच्या बाबतीत सौम्य. म्हणजे शिक्षण एकाच वेळी दोन दोऱ्या ओढतं. एकीकडे चमत्कारांवरचा विश्वास सैल होतो, दुसरीकडे शाळेत सवय लागते ती एका जागी बसून ऐकण्याची, चारचौघांत मिसळण्याची. असा माणूस क्लबलाही जातो आणि चर्चलाही. उपस्थिती आणि श्रद्धा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पाहणी करणारे अनेकदा विसरतात.

आपल्याकडे दसऱ्याला एखाद्या औद्योगिक वसाहतीत चक्कर मारली तर हे समजायला आलेखाची गरज पडत नाही. संगणकाच्या हुकमावर मायक्रॉनच्या अचूकतेने धातू कापणारं सीएनसी यंत्र, त्याच्या पॅनेलवर हळदकुंकवाची बोटं, वर झेंडूचं तोरण, शेजारी पेढ्याचा पुडा. हार घालणारा इंजिनियर त्या यंत्राचं मॅन्युअल पाठ असणारा असतो. त्याला विचारलं की ‘पूजा केल्याने मशीन चांगलं चालतं का?’ तर तो हसतो. हार चुकवत मात्र नाही. प्यू संस्थेने २०१९-२० मध्ये भारतात सुमारे ३०,००० लोकांशी बोलून केलेल्या पाहणीत देव मानणारे ९७ टक्के निघाले. एवढे सगळे जण काही अडाणी किंवा गरीब असणं शक्य नाही.

परत जावातल्या त्या पठणाकडे येऊ. स्थानिक लोक त्याला ‘पेंगाजियान’ म्हणतात. शेजारपाजारचे जमतात, पठण होतं, प्रवचन होतं आणि मग अर्थातच गप्पा होतात. कोणाचा नवरा घरी बसलाय, कोणाच्या मुलाची फी थकलीय, हे तिथे सगळ्यांना कळतं. आपल्या भिशीसारखी तिथे ‘अरिसान’ही असते. भिशी चालवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा: कधीच न येणाऱ्याला अडीनडीला कोणी पैसे काढून देत नाही. चेन यांचं म्हणणं हेच आहे. नेमाने हजेरी लावणं हा एक प्रकारचा विमा, आणि त्याचा हप्ता पैशांऐवजी वेळाने भरायचा. पठण वाढवलेल्या घरांची उसनवारीची अडचण कमी झालेली त्यांना दिसली. आणि जिथे पैसे उभे करायला दुसरी सोय होती, कर्ज मिळत होतं, तिथे फटका तेवढाच बसूनही पठणाकडे वळणं बरंच कमी होतं.