'पॉम' म्हणजे कैदी? नाही!

अ‍ॅशेस मालिका आली की हा किस्सा हमखास फिरू लागतो: ऑस्ट्रेलियन लोक इंग्रजांना 'पॉम' किंवा 'पॉमी' म्हणतात, कारण जुन्या काळी ब्रिटनहून ऑस्ट्रेलियात धाडलेल्या कैद्यांच्या कपड्यांवर 'प्रिझनर ऑफ मदर इंग्लंड'ची आद्याक्षरं छापलेली असत. किस्सा झकास आहे, पण खोटा.

मुळात हिशेबच जुळत नाही. कैद्यांना घेऊन शेवटचं जहाज ऑस्ट्रेलियात पोचलं 1868 साली. 'पॉमी' छापील स्वरूपात दिसू लागतो तो 1912च्या सुमारास. मधली चाळीसेक वर्षं हा शब्द कुठे दडून बसला होता? सरकारी कपड्यांवर खूण असे ती बाणाची. आणि कैद्यांची मुलंबाळं तर ऑस्ट्रेलियनच झाली; मग ती शिवी नव्याने आलेल्या इंग्रजाला कशी चिकटेल?

खरी गोष्ट आहे यमकाची. 'इमिग्रंट'ला जुळणारं 'जिमी ग्रँट' हे नाव तिथे एकोणिसाव्या शतकापासून रुळलेलं होतं. त्यावरून गमतीत 'पॉमेग्रॅनेट', म्हणजे चक्क डाळिंब, आणि त्याचं आखूड रूप पॉमी. 1912च्या वृत्तपत्रांत हे शब्द एकमेकांच्या शेजारीच सापडतात. इंग्रजांचे उन्हाने लाल झालेले गालही या विनोदाच्या पथ्यावर पडले असावेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर अवघ्या 10 पौंडांत ब्रिटनहून आलेले लोक 'टेन पाउंड पॉम' म्हणून ओळखले गेले. वेल्समध्ये जन्मलेल्या, पुढे पंतप्रधान झालेल्या ज्युलिया गिलार्ड यांचं कुटुंब त्यातलंच. आज हा शब्द चिडवणं की शिवी, हे बोलणाऱ्याच्या सुरावर आणि पुढे जोडलेल्या विशेषणावर ठरतं.