धावता क्वार्टरबॅक : कॉलेजच्या मैदानातून एनएफएलकडे

अमेरिकन फुटबॉलमध्ये जो क्वार्टरबॅक हातांइतकाच पायांनीही प्रतिस्पर्ध्याला जेरीस आणतो, तो धावता क्वार्टरबॅक. अमेरिकेत त्याच्यासाठी ‘ड्युअल-थ्रेट’ हा शब्द रूढ आहे. संघाची जवळपास प्रत्येक चाल क्वार्टरबॅकपासून सुरू होते. सेंटर, म्हणजे पुढच्या फळीतला मधला गडी, दोन पायांमधून चेंडू मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. चेंडू हातात आला की क्वार्टरबॅकपुढे तीन वाटा असतात : साथीदाराच्या हाती तो सोपवायचा, पुढे फेकायचा किंवा स्वतः घेऊन पळायचे. बहुतेकांना तिसरी वाट नाइलाजाने धरावी लागते, धावत्या क्वार्टरबॅकसाठी ती आधीच आखलेली असते. अशा खेळाडूंनी कॉलेजचे हंगामच्या हंगाम गाजवले आहेत. मात्र त्यांतला कोण व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, टिकेल हे ओळखताना भल्याभल्या निवडकर्त्यांचे अंदाज चुकले आहेत.

कॉलेज आणि एनएफएल या दोन्हींचे मैदान १०० यार्ड लांब आणि ५३ यार्डांहून किंचित जास्त रुंद असते. फरक आहे तो मधल्या हॅश खुणांमध्ये. चाल कडेला जाऊन संपली की पुढच्या चालीसाठी चेंडू जवळच्या खुणेवर आणून ठेवतात. कॉलेजात या खुणांच्या दोन ओळींमध्ये ४० फूट अंतर असते, एनएफएलमध्ये फक्त साडेअठरा फूट. त्यामुळे कॉलेजात चेंडू बऱ्याचदा एका कडेजवळ असतो आणि दुसऱ्या बाजूला भलेमोठे रान मोकळे पडलेले असते. वेगवान पायांच्या मुलाला आणखी काय हवे! शिवाय चाल जिथून सुरू होते त्या रेषेपलीकडे चेंडू फेकायच्या चालीतही लाइनमनला, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे उभ्या राहणाऱ्या फळीतल्या गड्याला, कॉलेजात तीन यार्डांपर्यंत पुढे जाता येते, एनएफएलमध्ये एकच यार्ड. धाव की फेक हे शेवटच्या क्षणी ठरवणाऱ्या चाली कॉलेजात जास्त फसव्या होतात, त्या यामुळेच.

या चालींतली सर्वांत गाजलेली झोन-रीड जवळून पाहण्यासारखी आहे. क्वार्टरबॅक स्नॅप घेतो आणि शेजारून तिरका येणाऱ्या रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या गड्याच्या, पोटाशी चेंडू टेकवतो, पण सोडत नाही. क्षणभर दोघांचेही हात एकाच चेंडूवर असतात. क्वार्टरबॅकची नजर मात्र बचावफळीच्या टोकाला उभ्या असलेल्या गड्यावर खिळलेली असते. या गड्याला मुद्दामच कुणी अडवलेले नसते. तो रनिंग बॅकच्या मागे आत वळला, की चेंडू खेचून घ्यायचा आणि त्याने सोडलेल्या जागेतून बाहेर निसटायचे. तो जागेवर थांबला, तर चेंडू रनिंग बॅकच्या हाती सोडायचा. हात न लावता एक बचावपटू बाद होतो. कोपऱ्यातल्या गड्याचा तोल कुठल्या पायावर आहे हे हेरून हुलकावणी देणारा चढाईपटू कबड्डी पाहणाऱ्यांना ठाऊक असतो. इथली नजर तीच. नेहमीच्या चालीत चेंडू देऊन क्वार्टरबॅक मोकळा होतो, त्यामुळे आक्रमणाचा एक माणूस वाया जातो. झोन-रीडमध्ये अकराही जण कामाला लागतात.

कॉलेजचे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फेकण्याच्या तयारीत असलेल्या क्वार्टरबॅकला मागेच लोळवले तर त्याला सॅक म्हणतात. कॉलेजात सॅकमध्ये गमावलेले यार्ड त्याच्या धावण्याच्या खात्यातून वजा होतात, एनएफएलमध्ये ते संघाच्या फेकीच्या हिशेबात जातात. म्हणून कॉलेजातला धावता क्वार्टरबॅक कागदावर दिसतो त्याहून जास्त पळालेला असतो.

एनएफएलमध्ये पाऊल ठेवताच हे मोकळे रान आकसते. कॉलेजच्या सर्वोच्च विभागात १३० हून अधिक संघ आहेत. एनएफएलमध्ये ३२, आणि एका संघात ५३ खेळाडू. म्हणजे समोर उभा राहणारा प्रत्येक जण आपापल्या कॉलेजातला सर्वोत्तम असतो. शंभर-सव्वाशे किलोंचा बचावपटू एकदा चकला तरी मागे वळून गाठतो. लाइनमननी अर्धगोलात राखलेल्या जागेला पॉकेट म्हणतात; तिथे क्वार्टरबॅकला जेमतेम अडीच-तीन सेकंद मिळतात. कॉलेजात रिसीव्हर, म्हणजे फेक झेलणारा गडी, मोकळा झालेला दिसल्यावर चेंडू फेकला तरी निभावते. एनएफएलमध्ये तो मोकळा होण्याआधी चेंडू हातातून सुटलेला असावा लागतो. धावत्या क्वार्टरबॅकचे भवितव्य या एका फरकावर ठरत आले आहे. पाय त्याला एखादा सेकंद जास्तीचा मिळवून देतात; त्या सेकंदात त्याला काय दिसते, हा खरा प्रश्न आहे.

टिम टीबोचे उदाहरण इथे घ्यावेच लागते. फ्लोरिडा विद्यापीठाकडून खेळताना २००७ मध्ये त्याने हाइझमन ट्रॉफी मिळवली. कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हा मान दुसऱ्या वर्षात असताना मिळवणारा तो पहिलाच. पण चेंडू फेकण्याआधी तो हात पार कमरेपर्यंत खाली नेत असे, आणि त्या फेऱ्यात जो वेळ जाई तो एनएफएलमधल्या बचावपटूला पुरेसा होता. एनएफएलचे संघ दरवर्षी कॉलेजच्या खेळाडूंतून पाळीपाळीने निवड करतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. २०१० च्या ड्राफ्टमध्ये डेन्व्हरने त्याला २५ व्या क्रमांकावर निवडले. पुढच्या हंगामात प्रशिक्षकांनी त्याच्यासाठी कॉलेजच्या धाटणीच्या चाली आखल्या आणि संघ जिंकू लागला. कॅन्सस सिटीविरुद्धच्या एका सामन्यात तर त्याच्या आठपैकी दोनच फेकी पूर्ण झाल्या, म्हणजे साथीदाराने झेलल्या, तरीही डेन्व्हरने १७–१० असा विजय मिळवला. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, पिट्सबर्गविरुद्ध जादा वेळेच्या पहिल्याच चालीवर त्याने ८० यार्डांचा टचडाउन फेकला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार पोचला की टचडाउन होतो). तो क्षण पाहिलेला माणूस विसरणार नाही. मात्र त्या हंगामात त्याच्या निम्म्याहून अधिक फेकी अपुऱ्या राहिल्या होत्या. २०१२ च्या मार्चमध्ये नामवंत क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग डेन्व्हरला आला आणि टीबोला न्यूयॉर्कला पाठवण्यात आले. पुन्हा कुठे त्याचा जम बसला नाही.

दुसरा धोका शरीराचा. बेलर विद्यापीठाचा रॉबर्ट ग्रिफिन २०११ चा हाइझमन विजेता. त्याला घेता यावे म्हणून वॉशिंग्टनने पहिल्या फेरीच्या तीन आणि दुसऱ्या फेरीची एक निवड दिली. त्याने पदार्पणातच ८१५ यार्ड धाव काढली आणि तो सर्वोत्तम नवोदित आक्रमणपटू ठरला. डिसेंबरमध्ये उजवा गुडघा दुखावला, तरी तो पट्टा बांधून खेळला. जानेवारी २०१३ मध्ये सिअ‍ॅटलविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात चौथ्या सत्रात एक स्नॅप खाली आला. चेंडू उचलायला तो वाकला, तोच गुडघा मुरगळला आणि तो कोसळला. त्या क्षणी त्याला कुणी धडकही दिली नव्हती. त्याआधीचा ग्रिफिन त्यानंतर कधीच दिसला नाही. क्वार्टरबॅकने पाय पुढे टाकून घसरायला शिकावे, म्हणजे तिथेच चाल थांबते आणि त्याला मारता येत नाही, असे प्रशिक्षक कानीकपाळी ओरडून सांगतात. ज्या मुलाने आयुष्यभर आणखी एका गड्याला चकवून नाव कमावले, त्याला हे शिकणे किती जड जात असेल!

या विषयाला वर्णभेदाचा काळा पदर आहे आणि तो झाकून ही नोंद पुरी होणार नाही. कित्येक वर्षे कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला ‘चांगला धावतो’ एवढ्यावरच मोजले गेले. खेळ वाचण्याची, संघ चालवण्याची कुवत त्याच्यात गृहीतच धरली जात नसे. मार्लिन ब्रिस्को १९६८ मध्ये डेन्व्हरसाठी क्वार्टरबॅक म्हणून उतरला आणि त्याने १४ टचडाउन फेकले. पुढच्या वर्षी त्याला त्या जागेसाठी संधीच नाकारली गेली. बफेलोला जाऊन तो रिसीव्हर झाला. वॉरन मूनला १९७८ मध्ये एनएफएलमध्ये वाव दिसला नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनबरोबर सलग पाच ग्रे कप, म्हणजे तिथल्या लीगची विजेतेपदे, जिंकला, मग परतला आणि २००६ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. २००१ मध्ये व्हर्जिनिया टेकचा मायकेल विक ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. हा मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. २००६ मध्ये अटलांटाकडून त्याने १,०३९ यार्ड धाव काढली. एका हंगामात हजारापलीकडे जाणारा क्वार्टरबॅक त्याआधी झाला नव्हता.

लमार जॅक्सनच्या वेळीही जुनाच सल्ला पुन्हा ऐकू आला. लुइव्हिलकडून २०१६ मध्ये त्याने ३० टचडाउन फेकले, २१ स्वतः धावून केले आणि १९ व्या वर्षी हाइझमन मिळवली. इतक्या लहान वयात ती कुणालाच मिळाली नव्हती. तरीही २०१८ च्या ड्राफ्टपूर्वी संघबांधणीतले नामवंत बिल पोलियन यांनी त्याने रिसीव्हर व्हावे असे जाहीरपणे सुचवले. जॅक्सनने निवडचाचणीत ४० यार्डांची दौड धावण्याचेच टाळले. त्याच्या वेगाविषयी कुणाला शंका नव्हती. घड्याळातला आकडा पाहून लोक पुन्हा रिसीव्हरचा विषय काढतील, हे उघड होते. त्याच्याआधी चार क्वार्टरबॅक निवडले गेले. बाल्टिमोरने त्याला पहिल्या फेरीच्या शेवटच्या, म्हणजे ३२ व्या निवडीवर घेतले.  २०१९ साठी संघाने सबंध आक्रमणच जॅक्सनभोवती नव्याने बांधले. त्या वर्षी त्याने १,२०६ यार्ड धावून विकचा विक्रम मोडला आणि लीगमध्ये सर्वाधिक ३६ टचडाउन फेकले. सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्याला एकमताने मिळाला, क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीनंतर दुसऱ्यांदाच असे घडले. २०२३ मध्ये तोच किताब त्याने पुन्हा घेतला, आणि २०२४ मध्ये ४१ टचडाउन फेकताना फक्त चार चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिले. धावणाऱ्याला फेकता येत नाही, या समजाला याहून चोख उत्तर सापडणार नाही.

जेलन हर्ट्सची वाट सावकाश चढणारी. अलाबामाने जानेवारी २०१८ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात त्याला मध्यंतरानंतर बसवून ठेवले. नंतर तो ओक्लाहोमाला गेला, तिथे त्याची फेक सुधारली, आणि फिलाडेल्फियाने २०२० मध्ये ५३ व्या क्रमांकावर त्याला घेतले. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, तो सर्वोत्तम खेळाडू ठरला.

ज्यांची फेक पुरी पडत नाही त्यांच्यासाठी इतर दारे आहेत. अ‍ॅन्टवान रँडल एल इंडियानाचा क्वार्टरबॅक होता; पिट्सबर्गमध्ये तो रिसीव्हर झाला, आणि फेब्रुवारी २००६ च्या सुपर बोलमध्ये एका फसव्या चालीवर ४३ यार्डांचा टचडाउन फेकून त्याने जुना हात दाखवला. केंट स्टेटचा ज्युलियन एडलमन सातव्या फेरीत निवडला गेला. तोही रिसीव्हर म्हणून सुपर बोलचा मानकरी झाला. सगळ्यांना हे जमत नाही : नेब्रास्काचा २००१ चा हाइझमन विजेता एरिक क्राउच रिसीव्हर म्हणून निवडला गेला, पण एनएफएलच्या नियमित हंगामात एकही सामना खेळला नाही. कॅनडातही वाव असतो. तिथले मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद, संघात बारा खेळाडू, त्यामुळे वेगाला जागा जास्त.

हल्ली निवडकर्ते वेगाबरोबर आणखी एक आकडा पाहतात : कॉलेजात किती सामने सुरुवातीपासून खेळला. फ्लोरिडाच्या अँथनी रिचर्डसनने २०२३ च्या निवडचाचणीत ४० यार्ड ४.४३ सेकंदांत कापले आणि उभ्याने साडेचाळीस इंच उडी मारली, क्वार्टरबॅकमध्ये तोवरची विक्रमी. वजन ११० किलोंच्या घरात! पण त्याच्या गाठीशी असे सामने होते तेरा. इंडियानापोलिसने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतले. खांद्याच्या दुखापतीने पहिले वर्ष चार सामन्यांत संपले, आणि दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्म्या फेकीही पूर्ण झाल्या नाहीत. पुढच्याच ड्राफ्टमध्ये वॉशिंग्टनने जेडन डॅनियल्सला दुसऱ्या क्रमांकावर निवडले. तो पाच वर्षे दोन विद्यापीठांकडून खेळून, असे ५५ सामने पचवून आला होता. पहिल्या हंगामात त्याने ८९१ यार्ड धाव काढली, नवोदित क्वार्टरबॅकसाठी तो विक्रम ठरला. त्याच हंगामात त्याच्या दर दहा फेकींपैकी जवळपास सात पूर्ण झाल्या.